हाइन्झच्या बायकोला कुणी विचारलंच नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

शिक्षक पात्रता परीक्षेच्या पेपरात बालविकास आणि अध्यापनशास्त्रावर 30 प्रश्न असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी मांडलेल्या नैतिक विकासाच्या अवस्था हा त्यातला नेहमीचा घटक. केंद्रीय परीक्षेच्या अभ्यासक्रमात पियाजे, कोहलबर्ग आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीबरोबर तिची चिकित्साही अपेक्षित आहे. पण डी.एल.एड., बी.एड.च्या वर्गांत आणि बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांत या चिकित्सेच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात: ‘हा सिद्धान्त पाश्चात्त्य आहे’ आणि ‘गिलिगन यांनी त्यावर टीका केली’. उरलेले पान तक्त्याने भरलेले. तीन पातळ्या, सहा अवस्था, प्रत्येकीसमोर वय आणि एका ओळीचे उदाहरण. पूर्वसांकेतिक पातळीत शिक्षेची भीती (पहिली) आणि स्वतःचा फायदा (दुसरी), सांकेतिक पातळीत जवळच्यांची शाबासकी (तिसरी) आणि कायदा-सुव्यवस्था (चौथी), उत्तरसांकेतिक पातळीत बदलता येणारा सामाजिक करार (पाचवी) आणि वैश्विक तत्त्वे (सहावी). हा तक्ता पाठ करून शिक्षक झालेली माणसे पुढे वर्गातल्या मुलांनाच त्या तक्त्यात बसवू लागतात. ‘ही अजून दुसऱ्यांच्या शाबासकीच्याच पायरीवर आहे’ असे एखाद्या मुलीबद्दल शिक्षकांच्या खोलीत सहज म्हटले जाते. अध्यापक विद्यालयांत हा विषय शिकवणारे आम्ही काही जण आहोत. तक्ता कुठून आला आणि त्यात कोणती उत्तरे मावत नाहीत, हे सविस्तर लिहिण्याची गरज आम्हाला वाटते.

कोहलबर्ग यांनी 1958 साली शिकागो विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. त्यासाठी शिकागो परिसरातल्या 10, 13 आणि 16 वर्षांच्या 72 मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. काही मध्यमवर्गीय घरांतले, काही त्याखालच्या आर्थिक स्तरातले. मुलगी एकही नव्हती. पुढे दर तीन-चार वर्षांनी याच गटातल्या मुलग्यांना गाठून सुमारे 20 वर्षे मुलाखती चालू राहिल्या. या कामाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. गोट्या खेळणाऱ्या मुलांना ‘हा नियम कुणी केला, तो बदलता येईल का’ असे विचारून पियाजे यांनी 1932 च्या पुस्तकात जी वाट दाखवली, ती कोहलबर्ग यांनी प्रौढ वयापर्यंत नेली. मूल काय निवडते यापेक्षा का निवडते याकडे कान द्यायचा, ही सवय त्यांनी शिक्षणाला लावली. सद्गुणांची यादी पाठ करून घेण्याला ते ‘सद्गुणांची पिशवी’ म्हणत. आपल्या परिपाठात रोज एक मूल्य फळ्यावर लिहिणाऱ्यांनी हा आक्षेप आजही मनावर घेण्यासारखा आहे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नैतिक पेच हाइन्झचा. युरोपातल्या एका गावात एक बाई कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. तिला वाचवू शकेल असे एकच औषध आहे, रेडियमचा एक प्रकार, आणि ते त्याच गावातल्या औषधवाल्याने नुकतेच शोधून काढले आहे. रेडियमसाठी त्याला 200 डॉलर पडले. छोट्याशा मात्रेचे तो 2,000 मागतो. नवरा हाइन्झ ओळखीच्या सगळ्यांकडे जातो, तरी निम्मेच, म्हणजे सुमारे 1,000 डॉलर जमतात. औषधवाला किंमत कमी करत नाही, उधारही देत नाही. हाइन्झ रात्री दुकान फोडतो. त्याने असे करायला हवे होते का, आणि का?

यापुढे मुलाखतकार खोदून विचारतो. बायकोवर प्रेम नसेल तर? मरणारी व्यक्ती परकी असेल तर? पाळीव जनावर असेल तर? कायदा मोडला म्हणजे नीतीही मोडली का? सगळ्यांबद्दल विचारून होते, पण त्या बाईला काय हवे आहे हे कुणी विचारत नाही. नवऱ्याने तुरुंगात जावे असे तिला वाटते का, त्याच्यामागे घर कोण सांभाळणार, चोरून आणलेली एक मात्रा संपल्यावर पुढे काय, यातले काही पेचात नाही. जीव विरुद्ध कायदा, अशी दोनच पारडी मांडलेली आहेत.

आता मुलाखतीला गुण कसे देतात ते पाहू, कारण मार्गदर्शकांत हा भाग कधीच नसतो आणि खरी अडचण इथेच आहे. मुलाखतीचे तीन समांतर संच आहेत, प्रत्येकात तीन पेच. उदाहरणार्थ पहिल्या संचात हाइन्झ, मग चोरी करून पळणाऱ्या हाइन्झला ओळखणारा पोलीस अधिकारी, आणि मग ज्यो नावाचा 14 वर्षांचा मुलगा. ज्योने शिबिरासाठी स्वतः 40 डॉलर जमवले आहेत, जायला परवानगी देण्याचे वचन वडिलांनी दिले होते, आणि आता मासेमारीच्या सहलीसाठी तेच पैसे वडील मागत आहेत. मुलाखत तोंडी असते, ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवली जाते. गुण देणारा उत्तरातले एकेक विधान वेगळे काढतो, ते कोणत्या बाजूचे आहे ते ठरवतो (हाइन्झमध्ये जीवाची बाजू की कायद्याची) आणि गुणांकनाच्या हस्तपुस्तिकेतल्या, प्रत्येक अवस्थेसाठी दिलेल्या नमुना-विधानांशी ताडून बघतो. जुळले तर त्या अवस्थेचा गुण मिळतो. जुळले नाही तर ते विधान मोजणीतून बाहेर. शेवटी जुळलेल्यांपैकी शेकडा किती भाग कोणत्या अवस्थेचा, यावरून 100 ते 500 च्या दरम्यान एक आकडा निघतो. कुणाची 60 टक्के विधाने तिसऱ्या अवस्थेची आणि 40 टक्के चौथ्या अवस्थेची असतील, तर 60 गुणिले 3 अधिक 40 गुणिले 4, म्हणजे 340.

या पद्धतीवरून आपल्या तक्त्यातल्या तीन ढोबळ चुका लगेच दिसतात.

पहिली चूक, ‘चोरी करावी’ किंवा ‘करू नये’ या उत्तरावरून अवस्था ठरवणे. प्रत्येक अवस्थेत दोन्ही उत्तरे येतात. ‘करू नये, पकडले तर मार बसेल’ आणि ‘करावी, नाहीतर बायको मेली म्हणून लोक पकडतील’ ही दोन्ही पहिल्याच अवस्थेची. एका वाक्याच्या उत्तरावरून अवस्था सांगा, असे सराव संचातले प्रश्न म्हणूनच निरर्थक आहेत. प्रशिक्षित माणसालाही एका वाक्यावरून ती सांगता येत नाही.

दुसरी चूक वयाची. ‘4 ते 10 पूर्वसांकेतिक, 10 ते 13 सांकेतिक, 13 नंतर उत्तरसांकेतिक’ असे छापलेले असते. याच मुलग्यांचा दीर्घ अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वेगळेच दिसले. चौथ्या अवस्थेचा विचार खऱ्या अर्थाने प्रौढ वयात बळावतो, आणि पाचव्या अवस्थेला पोचणारे तिशीतही थोडेच. आठवीच्या मुलाने ‘उत्तरसांकेतिक’ असायला हवे ही अपेक्षा खुद्द कोहलबर्ग यांच्या माहितीशी विसंगत आहे. क्रमाला मात्र याच अभ्यासाने बळ दिले: पायरी गाळून पुढे जाणे दिसले नाही, मागे घसरणे क्वचितच दिसले.

तिसरी चूक सहाव्या अवस्थेची. वैश्विक तत्त्वांची ही अवस्था मुलाखतींत पुरेशी सापडलीच नाही, म्हणून गुणांकनाच्या पुस्तिकेतून ती वगळावी लागली. वरचा आकडा 600 पर्यंत न जाता 500 वर थांबतो तो यामुळे. आपल्याकडे मात्र तिच्यासमोर महात्मा गांधींचे नाव लिहून पूर्ण गुण मिळतात.

यापेक्षा गंभीर प्रश्न न जुळणाऱ्या विधानांचा आहे. नमुना-विधाने ज्यांच्या उत्तरांतून तयार झाली ते शिकागोचे मुलगे. मग ज्यांचा विचार वेगळ्या वळणाने चालतो त्यांची विधाने एकतर मोजणीबाहेर पडतात, नाहीतर दिसायला जवळच्या खालच्या अवस्थेत कोंबली जातात. बायकांच्या बाबतीत ती तिसऱ्या अवस्थेत गेली. तिसरी अवस्था म्हणजे जवळच्या माणसांच्या अपेक्षा, विश्वास, काळजी, निष्ठा. कोहलबर्ग आणि क्रेमर यांनी 1969 च्या लेखात असे लिहून ठेवले की ही अवस्था गृहिणींना आणि आयांना पुरते, व्यावसायिक पुरुषांना पुरत नाही. म्हणजे घरात राबणाऱ्या बाईची नीती तिच्या कामापुरती ठीक, पण शिडीवर ती पुरुषाच्या एक पायरी खालीच राहणार.

मानसशास्त्रज्ञ कॅरॉल गिलिगन कोहलबर्ग यांच्याबरोबरच हार्वर्डमध्ये काम करत होत्या. 1977 चा त्यांचा लेख आणि 1982 चे पुस्तक यांतला मुद्दा आपल्या मार्गदर्शकांत ‘स्त्रिया भावनाप्रधान असतात, पुरुष न्यायप्रधान’ असा उतरतो. हे मूळ म्हणण्याचे विडंबन आहे. गिलिगन यांनी 11 वर्षांच्या दोन मुलांची उत्तरे शेजारी ठेवली. जेक म्हणतो, जीव पैशापेक्षा मोलाचा, चोरी करावी, न्यायाधीशही समजून घेतील. त्याला तिसऱ्या-चौथ्याचे मिश्र गुण. एमी म्हणते, चोरी करू नये, पण बायकोही मरता कामा नये. कर्ज काढता येईल, दुसरा मार्ग निघेल. चोरी केली आणि तो तुरुंगात गेला तर बायको पुन्हा आजारी पडल्यावर औषध कोण आणणार. त्या औषधवाल्याशी नीट बोलावे. एमीला अख्खी एक पायरी कमी, दुसऱ्या-तिसऱ्याचे मिश्रण. मुलाखतकार तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो, कारण त्याला ‘करावी की करू नये’ एवढेच हवे असते, आणि तिचा आत्मविश्वास कमी होत जातो. एमी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होती. चोरी करावी का, यापेक्षा काय करावे, हा तिचा प्रश्न होता. उद्याचा दिवस, तुरुंग, दुसऱ्यांदा येणारे आजारपण हे सगळे तिच्या हिशेबात होते. हा विचार कच्चा कसा म्हणायचा?

गिलिगन यांच्या मांडणीतला आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग तर वर्गात शिकवलाच जात नाही. गर्भपाताचा निर्णय समोर असलेल्या 15 ते 33 वयाच्या 29 स्त्रियांशी बोलून त्यांनी काळजीच्या नीतीच्याही तीन पातळ्या मांडल्या. पहिली स्वतःचा निभाव. दुसरी त्याग: दुसऱ्याचे भले, स्वतःला वजा करून. तिसरी पातळी म्हणजे कुणालाच इजा होऊ नये, आणि त्या ‘कुणालाच’मध्ये स्वतःही धरणे. म्हणजे त्याग ही मधली पातळी आहे, शेवटची नव्हे. आपल्याकडे गिलिगनचे नाव घेऊन त्यागमूर्ती स्त्रीचे कौतुक शिकवले जाते तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर उलटे होते. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून भावाला वाढणारी मुलगी ‘काळजीच्या नीतीत पुढे’ आहे असे सांगणारा शिक्षक गिलिगन शिकवत नसून जुनीच शिकवण नव्या नावाने देतो आहे.

टीकेची टीकाही सांगायला हवी. 1984 मध्ये लॉरेन्स वॉकर यांनी 108 नमुन्यांची तपासणी केली. बहुतेकांत स्त्री-पुरुषांच्या गुणांत फरक निघाला नाही. जिथे निघाला तिथे पुष्कळदा पुरुषांचे शिक्षण आणि नोकरीचा अनुभव जास्त होता. म्हणजे ‘बायका तिसऱ्यावरच अडकतात’ हे विधान आकड्यांनी टिकत नाही. जॅफी आणि हाइड यांनी 2000 मध्ये काळजी आणि न्याय या दोन दृष्टींवरचे अभ्यास एकत्र केले. काळजीकडे स्त्रियांचा कल थोडा जास्त (फरक 0.28 प्रमाण विचलन), न्यायाकडे पुरुषांचा थोडा जास्त (0.19). हे दोन्ही फरक छोटे आहेत. त्यामुळे ‘मुली अशा, मुलगे तसे’ असे कुणी शिकवू नये. शिवाय मानवशास्त्रज्ञ कॅरॉल स्टॅक यांनी अमेरिकेच्या दक्षिणेत परतलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत पाहिले, तर पुरुषही आप्तांच्या जबाबदारीने तितकेच बांधलेले होते. काळजीची भाषा कुणाच्या तोंडी येते, हे बाईपणाइतकेच परिस्थिती आणि वाट्याला आलेले काम यांवर अवलंबून दिसते. आमच्या मते गिलिगन यांचा टिकून राहणारा मुद्दा बायकांच्या स्वभावाचा नाही. मोजपट्टीत काळजीच्या विचाराला वरची पायरीच ठेवलेली नव्हती, हा तो मुद्दा आहे.

संस्कृतीच्या बाबतीतही मोजपट्टीचेच दुखणे आहे. जॉन स्नेरी यांनी 1985 मध्ये 27 देशांतल्या 45 अभ्यासांचा आढावा घेतला. पहिल्या चार अवस्था जवळपास सगळीकडे, त्याच क्रमाने सापडल्या. हे कोहलबर्ग यांच्या बाजूचे. पाचवी मात्र शहरी किंवा मध्यमवर्गीय गटांतच दिसली, खेड्यांतल्या आणि आदिवासी गटांत नाही. आता जगातली सगळी खेडी नीतीत अर्धी राहिली असे मानायचे, की पाचव्या अवस्थेची नमुना-विधाने शहरी, शिकलेल्या, करारावर चालणाऱ्या समाजाच्या भाषेत लिहिलेली आहेत असे? पापुआ न्यू गिनीतल्या एका गावप्रमुखाचे हाइन्झबद्दलचे उत्तर नोंदलेले आहे. कुणी मदत केली नाही म्हणून त्याने चोरी केली असेल, तर ही अडचण आपणच निर्माण केली, असा त्याचा अर्थ. दोष हाइन्झचा की औषधवाल्याचा, या प्रश्नाला त्याने गाव जबाबदार धरले. पुस्तिकेत याला सोयीची जागा नाही. इस्रायलच्या किबुत्झमधल्या (सामाईक मालकीच्या वसाहतींमधल्या) सामुदायिक विचारांच्या उत्तरांचीही हीच अडचण झाली, आणि तो अभ्यास करणाऱ्यांत स्वतः कोहलबर्ग होते.

भारतातले काम आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायलाच हवे. जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हैसूर आणि अमेरिकेतले न्यू हेवन इथल्या शाळकरी मुलांना आणि महाविद्यालयीन तरुणांना पेच दिले. एक असा: जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या पोचवायच्या आहेत, पाकीट चोरीला गेले आहे, शेजारचा सुस्थितीतला प्रवासी कोट ठेवून उठला आहे, खिशात तिकीट दिसते. ते घ्यावे की अंगठ्या पोचू नयेत? 1992 च्या या अभ्यासात नात्यातली जबाबदारी वर ठेवणारे भारतीय 84 टक्के, अमेरिकन 39 टक्के. महत्त्वाचे म्हणजे भारतीयांनी ती जबाबदारी ‘मर्जीची गोष्ट’ मानली नाही, कर्तव्य मानली. तीच निवड अमेरिकन मुलाने केली तर बहुधा वैयक्तिक पसंती म्हणून केलेली असते. ज्योत्स्ना वासुदेव आणि हमेल यांनी 112 भारतीयांना कोहलबर्गचेच पेच दिले. अवस्थांचा क्रम दिसला, पाचव्या पातळीचा विचारही दिसला, पण अहिंसा आणि सर्व जीवांचे ऐक्य यांवर उभी असलेली उत्तरे पुस्तिकेत धड बसेनात. पाळीव जनावरासाठी चोरी करावी का, हा उपप्रश्न शिकागोत जिथे नेतो त्यापेक्षा आपल्याकडे फार वेगळीकडे नेतो.

ओडिशातल्या भुवनेश्वरमध्ये मानवशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी 39 प्रसंगांवर मते विचारली. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा ब्राह्मण मुलांच्या यादीत सर्वांत गंभीर अपराध ठरला. तुलनेसाठी विचारलेल्या शिकागोच्या मुलांना त्यात नीतीचा प्रश्नच दिसला नाही. सुतक पाळणाऱ्या घरातल्या मराठी मुलाला तो लगेच दिसेल. श्वेडर यांनी यातून पुढे तीन प्रकारच्या नीती मांडल्या: व्यक्तीच्या स्वातंत्र्याची, समूहातल्या कर्तव्याची आणि पावित्र्याची. कोहलबर्गची शिडी पहिलीवरच उभी आहे, असा त्यांचा आक्षेप.

इथे आम्ही वाचकांना थांबवू इच्छितो, कारण ‘आपली नीती वेगळी’ या वाक्यावर खूश होऊन अनेक जण पुस्तक मिटतात. त्याच 39 प्रसंगांत न विचारता सिनेमाला गेलेल्या बायकोला नवरा बेदम मारतो, असाही प्रसंग होता, आणि तिथल्या पुष्कळांनी नवऱ्याला दोष दिला नाही. विधवेने मासे खाणे मात्र अनेकांना गंभीर वाटले. ‘संस्कृतीचा फरक’ म्हणून हे पदरात घ्यायचे का? संस्कृती एकाच तोंडाने बोलत नाही. ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये बुलढाण्यात बसून स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हा प्रश्न छापून विचारला. डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते रूढीपेक्षा माणसाचा हक्क मोठा या तत्त्वावर. तत्त्वाधिष्ठित विचाराची ही उदाहरणे बाहेरून आणलेली नाहीत. ‘पाचवी अवस्था पाश्चात्त्यांचीच’ असे म्हणणारा माणूस नकळत या माणसांना परके ठरवतो. एखाद्या समाजात काय चालते याची पाहणी करताना तिथे ज्यांचे तोंड बंद आहे त्यांना वेगळे, एकट्याला विचारावे लागते. सासूसमोर सुनेने दिलेले उत्तर म्हणजे सुनेची नीती नव्हे.

हाइन्झचा पेच आपल्या वर्गात नेल्यावर काय होते तेही सांगतो. मुले विचारतात, धर्मादाय रुग्णालयात का नेले नाही? महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे ज्यांच्या घरी दुखणे आले आहे त्यांना ठाऊक असते. फुले जन आरोग्य योजनेत बसते का, दागिने गहाण टाकता येतील का, गावात वर्गणी काढता येईल का? अननुभवी शिक्षक इथे ‘तसे काही नाही असे समजा’ म्हणून मुलांना गप्प करतो. एमीचे झाले तेच पुन्हा होते.

आणि चोरी किंवा मरण यांपलीकडची ही तिसरी वाट काल्पनिकही नाही. सोराफेनिब हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे औषध बायर कंपनी भारतात महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांना विकत होती. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 84 खाली नॅटको कंपनीने सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची सरकारी परवानगी, मागितला. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईत तो दिला: महिन्याच्या 120 गोळ्या 8,880 रुपयांना, आणि विक्रीवर 6 टक्के स्वामित्वधन बायरला. पुढे हा दर 7 टक्के झाला आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. शोध लावणाऱ्याचा हक्क मान्य, रोग्याचा जीवही मान्य, आणि कुणाला दुकान फोडावे लागले नाही. नवव्या-दहाव्या इयत्तेत हाइन्झनंतर लगेच हा खटला ठेवावा. कायदा ही पाळायची किंवा मोडायची वस्तू नसून वापरायची आणि बदलायचीही असते, हे मुलांना यातून कळते. पाचव्या अवस्थेच्या व्याख्येत नेमके हेच लिहिलेले असते.

वर्गासाठी पेच निवडताना तो मुलांच्या जगातला घ्यावा. बीड, अहिल्यानगर भागात ऊसतोडीचा पेच उत्तम चालतो. हंगामात आई-वडील कारखान्याच्या फडावर निघाले आहेत. थोरलीने सोबत जावे म्हणजे धाकट्या भावाला सांभाळता येईल, की गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शाळा चालू ठेवावी? 40 मिनिटांची तासिका अशी वाटावी. पहिली 5 मिनिटे गोष्ट सांगून तथ्ये पक्की करणे: किती महिने, भाऊ केवढा, गावात आजी आहे का. पुढची 7 मिनिटे प्रत्येकाने एकट्याने लिहायचे. मग 15 मिनिटे चार-पाच जणांच्या गटात बोलणे, उरलेल्या वेळेत गटांची कारणे फळ्यावर. शेवटची 5 मिनिटे राखून ठेवा आणि थोरलीच्या जागी थोरला घाला. उत्तर बदलते का, आणि का बदलते? सर्वांत चांगली चर्चा आम्ही इथेच ऐकली आहे.

चुकते ते बहुधा पुढच्या जागी. सुरुवातीलाच हात वर करून मत घेतले की मुले बहुमताकडे सरकतात, म्हणून आधी लिहायचे. शिक्षकाने मान डोलावली की उरलेली उत्तरे आज्ञापालनाची येतात. काय होईल आणि काय व्हावे, यांत मुले गल्लत करतात. ‘बाबा पाठवणारच नाहीत’ हे उत्तर नीतीचे नाही, परिस्थितीचे आहे, तेव्हा ‘पाठवायला हवे का’ असे पुन्हा विचारावे. लिहिण्यात कच्च्या मुलाचे उत्तर तोकडे दिसते; त्याला तोंडी विचारावे, नाहीतर आपण भाषा मोजू आणि नाव नीतीचे देऊ. ज्या घरात खरोखरच हा पेच आहे ते मूल वर्गात असेल तर गाव, काम, नाव सगळे बदलावे. आणि शेवटी तात्पर्य सांगू नये. ते सांगितले की पुढच्या वेळी मुले शिक्षकाचे तात्पर्य ओळखण्याचाच खेळ खेळतात.

नोंद ठेवायची तर चार रकाने पुरेत: मुलाने दिलेले कारण, त्याने कुणाकुणाचा विचार केला, कोणती वाट सुचवली, आणि कशातच न बसलेले वाक्य जसेच्या तसे. अवस्थेचा आकडा मुलाच्या नावापुढे लिहू नये, प्रगतिपुस्तकात तर मुळीच नाही. त्यासाठी लागणारी मुलाखत आपण घेतलेली नसते, गुण देण्याचे प्रशिक्षणही आपल्याला नसते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे आमची मागणी मोजकी आहे. वयाचे आकडे तक्त्यातून काढा. सहाव्या अवस्थेपुढे ती गुणांकनातून वगळल्याचे लिहा. गिलिगनच्या तिन्ही पातळ्या, आणि सोबत वॉकर यांचा आढावा, अभ्यासक्रमात घाला. म्हैसूर आणि भुवनेश्वरचे अभ्यास एका परिच्छेदात तरी यावेत. एका वाक्यावरून अवस्था ओळखायला लावणारे प्रश्न बंद करा. त्याऐवजी एमीचे उत्तर छापून, ते पुस्तिकेत खाली का गेले आणि तिथे कोणती नमुना-विधाने नव्हती, असे विचारा. बहुपर्यायी स्वरूपातही हा प्रश्न बसतो.

आपले,
अध्यापक विद्यालयांतील शैक्षणिक मानसशास्त्राचे काही अध्यापक